आटे आणि चूडी

घासलेटात भिजलेल्या, नुकत्याच कापलेल्या ॲल्युमिनियमला एक वास असतो. कच्च्या बटाट्याच्या सालीचा तुरटपणा, तांब्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्याचा गारवा, आणि या दोहोंवर घासलेटाचा निळसर, डोळ्यांना झोंबणारा पदर. परवा आमच्या गल्लीत कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचं काम चाललं होतं. खिडकीतून तो वास आत आला आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. बटाट्याची साल, तांब्या, घासलेट अशी फोड मी नंतर, लिहायला बसल्यावर केली. त्या क्षणी फक्त माझं उजवं मनगट जागं झालं. मनगटाला स्वतःची स्मृती असते, हे मला फार लवकर कळलं, आणि ते कवितेच्या वर्गात कळलं नाही.

आम्ही तेव्हा खंडेराव गेटच्या बाहेर एका बैठ्या घरात राहत होतो. बाबा साताऱ्याकडचे, कारखान्यातल्या नोकरीपायी झाशीला आलेले. तिथे ते तयार झालेल्या भागांची मापं तपासत. आई मात्र इथलीच, आठ पिढ्यांपूर्वी पौरोहित्यासाठी आलेल्या घराण्यातली. त्यामुळे आमच्या एका घरात दोन मराठी बोली नांदत होत्या. बाबांची मराठी मोजून कापलेली, कोरडी, नेमकी. आईची मराठी जुन्या लुगड्यासारखी मऊ, तिच्या काठाला हिंदीची वेलबुट्टी. आई बाहेर निघताना ‘येते’ म्हणे, ‘जाते’ कधीच म्हणत नसे. तिच्या तोंडी दिवा विझत नसे, तो ‘वाढत’ असे. धुणं धुताना बांगडी फुटली की ती हलक्या आवाजात सांगे, बांगडी वाढली. बाबांना हे पटत नसे. मोडली तर मोडली म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणत, कारखान्यात मी ‘शाफ्ट वाढला’ असं लिहून दिलं, तर साहेब मलाच वाढवतील. आई पळी आपटून म्हणायची, पुन्हा म्हणून तर बघा. हा वाद आमच्या जेवणाबरोबर चिंचगुळाच्या आमटीसारखा रोज पानात असायचा, आणि त्याच्यावाचून जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही.

दाराशी पत्र्याच्या आडोशाला आमची करड्या रंगाची जुनी गाडी उभी असे. ती बाबांनी तिसऱ्या हाताने घेतली होती आणि चौथ्या हाताला लागू दिली नव्हती. दर महिन्याच्या एका रविवारी ते बॉनेट उघडत, शेजारी सतरंजीच्या तुकड्यावर पाने मापाच्या क्रमाने मांडत, आणि मी पाने देण्याच्या निमित्ताने उभी राहत असे. पुढे मीच हात घालू लागले. त्यांचा नियम एकच होता. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, पाना नंतर. आणि पाना आवळताना डोळ्यांनी पाहायचं नाही, मनगटाने ऐकायचं. बोल्ट स्वतः सांगतो, आता पुरे. त्यापुढे एक केसभर गेलात तर तो रुसतो. बोल्टाच्या अंगावरच्या आणि भोकाच्या आतल्या त्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांना बाबा ‘आटे’ म्हणत. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं होतं, पोलादी बोल्टापुढे फारच मऊ. म्हणून तिथे त्यांचा हात देवघरातल्यासारखा हळू चाले.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांना अर्धांगाचा झटका आला. ते इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या वस्तूसारखा दिसत होता, आणि शब्द त्यांच्याकडे फार दुरून, एकेक करून येत. सकाळी आम्ही त्यांना आडोशाजवळच्या खुर्चीत बसवत असू. मी गाडीचं तेल-पाणी पाही, ते एका शब्दात चूक दाखवत. “नळी.” “पट्टा.” “हलकेच.” त्या अर्ध्या तासात त्यांचा चेहरा पूर्वीचा होई. दिवसाचा उरलेला वेळ ते भिंतीकडे पाहत.

त्याच सुमारास माझे काका ग्वाल्हेरहून आले. बाबांचे धाकटे भाऊ, मनाने चांगले आणि जिभेने तिखट. घरात गाडी चालवणारा कुणी नाही, उगाच गंजतेय, तिला घ्यायला त्यांच्याकडे एक माणूस तयार आहे, असं त्यांनी पहिल्याच जेवणात मांडलं. “दादा, गाडी म्हणजे गाय नव्हे दारात बांधून ठेवायला.”

बाबांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “हिला येतं.”

“हिला कविता येतात,” काका म्हणाले. आई हसली, मीही हसले, पण बाबा हसले नाहीत. तेव्हा काकांनी ताट पुढे सारून अट घातली. येत्या रविवारी ते ग्वाल्हेरहून पुन्हा येतील, तेव्हा मी सगळ्यांना ओरछ्याला न्यायचं आणि परत आणायचं. वाटेत गाडी कुठे अडली नाही तर ते हा विषय पुन्हा काढणार नाहीत, अडली तर सोमवारी त्यांचा माणूस येऊन ती घेऊन जाईल. मी लगेच हो म्हटलं. मला गाडी चालवता येत होती, आणि मी चांगली चालवत होते. यात नम्रपणा दाखवायचं मला तेव्हाही कारण वाटलं नाही, आजही वाटत नाही. भीती होती ती वेगळी. गाडी गेली असती तर तिच्याबरोबर बाबांची ती सकाळची खुर्ची गेली असती.

गुरुवारी सकाळी मला एक थेंब दिसला. इंजिनाच्या डोक्यावर, रेडिएटरची जाड नळी जिथे येऊन मिळते तिथे, दोन बोल्टांनी बसवलेलं तळहाताएवढं झाकण असतं. त्याच्या कडेवर गंजाच्या रंगाचा एक थेंब होता. पुसला, तर पुन्हा आला. ओरछ्याच्या चढावर एवढ्याशा थेंबाची धार होते आणि धारेची वाफ, हे मला ठाऊक होतं. मी पाना लावला आणि आतल्या बाजूचा बोल्ट आवळला. अर्धा फेरा जड गेला, त्यापुढचा पाव फेरा आणखी जड. मनगटाला ‘पुरे’ ऐकू आलं होतं. ते मी ऐकलं आणि वर आणखी थोडं आवळलं, कारण डोळ्यांपुढे ओरछ्याचा रस्ता होता आणि कानात काकांचं वाक्य. आणि मग पाना एकाएकी हलका झाला. चालीत म्हणत असलेल्या ओळीतली एक मात्रा गळावी आणि जीभ मोकळ्या हवेत पडावी, तसं. बोल्ट आता कितीही फिरवला तरी नुसता फिरत होता, अडकत नव्हता.

खुर्चीतून बाबांनी विचारलं, “बसला?”

मी म्हटलं, “बसला.”

आजवर मी बरंच लिहिलं, बरंच बोलले, वर्गात तीसेक वर्षं शिकवलं. पण एवढं छोटं आणि एवढं जड खोटं पुन्हा माझ्या तोंडून गेलं नाही. ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलले नाही, बॉनेटच्या आडून बोलले. आणि माणूस हाताने आणि शब्दाने दोन्हीकडून एकाच सकाळी चुकू शकतो, हे त्या दिवशी कळलं.

बोल्ट पदराच्या गाठीत बांधून मी सायकलवर सदर बाजारच्या वाटेला लागले. तिथे एका पिंपळाखाली हल्के उस्तादांचं गॅरेज होतं. बुंदेलीत धाकट्याला हल्के म्हणतात. हे आपल्या घरात सर्वांत धाकटे होते, म्हणून नाव चिकटलं, पण अंगाने ते एवढे होते की गाडीखाली गेले की गाडीच वर उचलली गेल्यासारखी वाटे. मी घाईघाईने आमच्या घरचाच शब्द हिंदीत घातला. म्हटलं, भैया, आटे चले गए हैं.

त्यांनी हातातल्या कामावरून मान वर न करता उत्तर दिलं, “तो चक्की पे जाओ, बिन्नू. इतै तो गाड़ी बनत.”

आजूबाजूचे सगळे हसले. माझे कान तापले. ज्या शब्दाने माझं अर्धं बालपण घडलं होतं, तो खंडेराव गेट ओलांडताच पीठ झाला होता. मी गाठ सोडून बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. त्याच्या खाचांमध्ये चांदीच्या तारेसारखं ॲल्युमिनियमचं एक वेटोळं अडकलं होतं. ते उजेडात धरून उस्ताद गंभीर झाले. आमचे आटे त्यांच्या बोलीत चूडी होते.

“चूड़ी मर गई. किसने मारी?”

“हमने.”

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “हओ,” म्हणाले. “मान गईं, सो आधो काम हो गओ.”

मला वाटलं, उरलेलं अर्धं काम घरी, खुर्चीत बसलं आहे.

शुक्रवारी दुपारी, बाबा जेवून झोपल्यावर, उस्ताद पिशवी घेऊन आले. येताना त्यांनी आपल्या खरादावर, म्हणजे लेथवर, पितळेचं एक नळकांडं कातून आणलं होतं, करंगळीच्या पेराएवढं, आतून बोल्टाच्या मापाचे आटे आणि बाहेरून त्याहून मोठ्या मापाचे. त्याला ते बुश म्हणत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. उस्तादांनी रीतीप्रमाणे घरच्या बाईला कल्पना दिली, “भाभी, इंजन की चूड़ी मर गई है. नई डालनी पड़ेगी.”

आईचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तिने इंजिन ऐकलंच नाही. तिने चूडी ऐकली आणि त्यापुढचं क्रियापद ऐकलं. तिचा उजवा हात डाव्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांवर गेला आणि तिथेच थांबला, पीठ काचेला लागलं. आतल्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता. ती तो काही क्षण ऐकत राहिली. मग तिच्या त्या जपून बोललेल्या हिंदीत म्हणाली, “भैया, हमारे यहाँ चूड़ी को मरी नहीं कहते. टूट भी जाए तो कहते हैं, बढ़ गई. और घर में बीमार आदमी है.”

मी मनात डोळे मिटून घेतले. पिंपळाखालचं हसू मला आठवत होतं. पण उस्ताद हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा गमछा काढून हातात घेतला, बॉनेटखाली वाकून त्या खराब भोकाकडे पाहिलं, आणि एखादी गोष्ट आपल्याला आजवर कुणी सांगितली कशी नाही अशा आवाजात म्हणाले, “ठीकई कहत आपके इतै, भाभी. जाए बढ़ानेई तो है.”

हिला वाढवायचंच तर आहे म्हणजे काय, ते मग त्यांनी आम्हा दोघींना समजावलं. गेलेले आटे परत आणता येत नाहीत. त्या भोकात तसेच नवे पाडायला आता धातूच उरलेला नाही. तेव्हा ते भोक आणखी मोठं करायचं, त्याच्या भिंतीत जरा मोठ्या मापाचे आटे पाडायचे, त्यात हे पितळेचं बुश बसवायचं, आणि बुशच्या पोटात जुनाच बोल्ट सुखाने राहील. आई पिठाचे हात तसेच धरून सगळं ऐकत होती. एखाद्या व्रताची कहाणी पुरी ऐकावी तशी तिने ती पुरी ऐकली आणि थालीपिठं लावायला आत गेली.

अडचण पुढे आली. ते भोक नळी आणि पत्रा यांच्या मधल्या बोळात होतं आणि उस्तादांचा पंजा तिथे शिरेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात बाहेर काढला, बोटांच्या पेरांवर ओरखडे. “तुमाओ हाथ जैहै, बिन्नू. हमाओ नईं.” माझ्या हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या, त्या आईने साबण लावून उतरवल्या. एकही वाढू दिली नाही.

झाकण उतरवलं. आत पाण्याच्या वाटेत चिंधीचा बोळा कोंबला, म्हणजे कीस इंजिनात जाणार नाही. हातड्रिलने भोक मोठं करताना उस्तादांनी गुण्या लावून धरला होता. रेघ केसाएवढी कलली तरी ते जिभेने ‘च्’ करत आणि मी थांबे. मग आटे पाडायचा टॅप त्यांनी माझ्या हाती दिला, त्यावर घासलेट ओतलं, आणि ज्या वासाने हे प्रकरण सुरू केलं तो वास पहिल्यांदा माझ्या नाकात भरला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुढे जाताना धातू कापला जातो, मागे येताना कापलेला कीस तुटून मोकळा होतो. नुसतं पुढेच रेटलं तर टॅप आतच मोडतो आणि मग सगळंच संपतं. मी त्या वर्षी वृत्तं घोकत होते, भुजंगप्रयात तोंडात घोळत असे. लघु, गुरु, गुरु. मागे, पुढे, पुढे. कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण त्या दुपारी मी चार ओळी म्हणजे सोळा गण मनात म्हटले आणि त्या चालीवर हात फिरवला. घासलेटात ॲल्युमिनियम कुरकुरत होतं, कोवळी काकडी चावल्यासारखं. एका जागी तो आवाज बदलला, जाड झाला. मनगट म्हणालं, थांब. या खेपेला मी ऐकलं. मागे घेतलं, कीस पुसला, पुन्हा घासलेट घातलं. उस्तादांच्या घशातून एक बारीकसा ‘हओ’ निघाला. मला आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत तो मी पहिला धरते.

बुश आत गेलं तेव्हा त्याची पितळी कडा ॲल्युमिनियमशी बरोबर सपाट झाली. ते पुन्हा फिरू नये म्हणून उस्तादांनी माझ्याकडून कडेवर पंचाने तीन ठोके घालून घेतले. तीन बारीक टिंबं, वाक्य अजून संपलेलं नाही हे सांगायला देतात तशी. झाकण बसवलं, बोल्ट आधी बोटांनी, मग पान्याने, आणि ‘पुरे’ ऐकू येताच मी हात काढला. उस्तादांनी ओसरीवर बसून चार थालीपिठं खाल्ली. ही तुमची मराठी गकरिया आमच्यापेक्षा पातळ आहे पण चालेल, असा निकाल दिला. निघताना आईला म्हणाले, “बढ़ गई, भाभी. अब कछू फिकर नईं.” पुढची कित्येक वर्षं त्यांच्या गॅरेजात चूडी ‘मरत’ नसे, ‘बढ़त’ असे. नवीन माणसं चक्रावत, आणि उस्ताद कारण सांगत नसत.

रविवारी आम्ही ओरछ्याला गेलो. पुढे माझ्या शेजारी बाबा, मागे आई आणि काका, आणि दोघांच्या मध्ये दशम्या, दही आणि तिळाची चटणी असलेला डबा. वाटेत काका दर मैलावर नाक वर करून हुंगत होते, काही जळतंय का, असं विचारत होते. आईने शेवटी सांगितलं, भावोजी, तुमचं पोट जळतंय, दशमी घ्या. चढ आला, गेला. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही. बेतवेच्या काठी काकांनी स्वतः बॉनेट उघडून झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. परतल्यावर, घराशी उतरून त्यांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली. “गायच आहे ही,” म्हणाले. “राहू दे दारात.” आणि डबा उचलून आईच्या मागोमाग आत गेले.

आडोशाला मी आणि बाबा दोघेच उरलो. उन्हं उतरली होती. बंद केलेलं इंजिन निवत होतं, आणि निवताना तापलेला धातू करतो तसा टिक टिक आवाज करत होतं. मी जिंकले होते. तिथे थांबले असते तरी कुणाला काही कळलं नसतं. पण हल्के उस्तादांचं ते अर्धं काम माझ्या अंगावर होतं. मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“बाबा, गुरुवारी मी खोटं बोलले. बोल्ट बसला नव्हता. आटे मी मोडले.”

त्यांनी डावा हात पुढे केला. मी आधार देऊन त्यांना उठवलं, बॉनेट उघडलं. वाकून, वाट काढत, त्यांनी बोट त्या झाकणापर्यंत नेलं आणि बोल्टाच्या डोक्यावर ठेवलं. मग त्याच्या कडेशी, फटीत, पितळेची एक रेघ दिसत होती, तिथे. शुक्रवारचा घासलेटाचा वास अजून तिथे होता. दुपारी झोपेतही त्यांना तो आला असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं की ज्यांनी आयुष्यभर मोडल्याला मोडलं म्हटलं, ते आता तो शब्द उच्चारणार आहेत, आणि तो ऐकायला मी ताठ उभी होते. त्यांचे ओठ हलू लागले. शब्द नेहमीप्रमाणे दुरून येत होता. मला वाटलं तो तोच आहे, पण त्यांनी मान हलवून तो परत पाठवला आणि दुसऱ्याची वाट पाहिली. आतून आईच्या बांगड्यांचा आवाज आला. बाबांनी तिकडे पाहिलं, मग शुक्रवारपासून रिकाम्या असलेल्या माझ्या मनगटाकडे, आणि म्हणाले,

“वाढवलेस.”